मुक्या सोबत्याचे दात

आमच्या शाळेत आठवड्यातून एकदा प्रार्थनेनंतर मुलांची नखे व दात पाहण्याचा प्रघात आहे. इंदूरच्या त्या सरकारी शाळेचा मुख्याध्यापक या नात्याने मीही रांगेतून फिरतो आणि कोणाचे दात पिवळे दिसले की त्याची रवानगी नळावर करतो. पण घरी जो मोती नऊ वर्षे माझ्या पायाशी बसत आला, त्याच्या तोंडात मी एकदाही डोकावलो नव्हतो. ही कबुली आरंभीच दिलेली बरी.

मोती म्हणजे आपल्याकडे ज्याला सरसकट ‘पॉमेरियन’ म्हणतात, पण जो वस्तुतः स्पिट्झ असतो, तसा पांढराशुभ्र कुत्रा. गेल्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास त्याच्या उजव्या डोळ्याखाली सुपारीएवढी गाठ आली. आईने हळदीचा लेप लावला. गाठ फुटली, पू वाहून गेला, जखम भरली. होळीला तीच गाठ पुन्हा आली. एका ठिकाणी डोळ्याचे मलम व पाच दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. सूज उतरली आणि आम्ही निर्धास्त झालो. तिसऱ्या खेपेस मात्र महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या एका डॉक्टरांकडे त्याला नेले. त्यांनी डोळ्याला हातही लावला नाही. वरचा ओठ उचलला, टॉर्च धरला आणि म्हणाले, “सर, डोळा उत्तम आहे. दाढ फुटली आहे, आणि ती आजची नव्हे.”

कुत्र्याला ४२ दात असतात, मांजरास ३०. त्यांत वरच्या जबड्यातील चौथी उपदाढ ही सर्वांत मोठी व कामाची. खालच्या पहिल्या दाढेवर ती कात्रीच्या पात्यासारखी घसरते व मांस कापते. तिला तीन मुळे असतात आणि ती थेट डोळ्याखालील हाडापर्यंत पोचतात. कठीण वस्तू चावताना तिचा कपचा उडाला तर आतील नाजूक गर उघडा पडतो, जंतू मुळापर्यंत उतरतात आणि पू साचून गाल डोळ्याखाली सुजतो. औषधाने सूज ओसरते. मूळ तेथेच असल्यामुळे ती परत येते. कपचा उडण्याचे कारण काय, असे मी विचारले. “घरात हाडे देता?” एवढेच ते म्हणाले. दर रविवारी मटणाची नळी मी स्वतःच्या हाताने त्याला घालीत होतो. दात त्यानेच साफ होतात, अशी माझी पक्की समजूत होती!

पण फुटकी दाढ ही एकच गोष्ट नव्हती. दुसऱ्या बाजूच्या दाढांवर तपकिरी कीटणाचा थर चढला होता व हिरड्या लालबुंद होत्या. मोतीच्या तोंडाला गेली दोन-तीन वर्षे दुर्गंधी येत असे. ‘कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच’ असे आपण म्हणतो, आणि या एका वाक्याने आपल्या घरांतील कितीतरी मुके जीव दुखणे सोशीत राहतात. निरोगी कुत्र्याच्या तोंडाला अशी घाण येत नाही. येत असेल तर तो बहुधा हिरड्यांचा रोग असतो.

तो होतो असा. जेवणानंतर दातांवर जंतूंचा एक बुळबुळीत पापुद्रा धरतो. तो पुसला गेला नाही तर लाळेतील क्षार त्यात बसून दोन-तीन दिवसांत तो घट्ट होऊ लागतो, तेच कीटण. कुत्र्याची लाळ आपल्यापेक्षा अधिक अल्कधर्मी असते. त्यामुळे त्याचे दात आपल्यासारखे किडत नाहीत, पण कीटण मात्र लवकर धरते, विशेषतः वरच्या दाढांच्या बाहेरील बाजूस, कारण लाळेची नळी तेथेच उघडते. पुढे हिरडी सुजते. येथवर सारे पूर्ववत होऊ शकते. त्यानंतर दाताला धरून ठेवणारे हाडच झिजू लागते, आणि झिजलेले हाड परत येत नाही. लहान चणीच्या जातींत दात दाटीने बसलेले असल्याने हा रोग अधिक.

भूल द्यावी लागणार, हे ऐकून आई घाबरली. “अरे, म्हातारं जनावर ते, झोपेतून उठलंच नाही तर?” ही भीती घरोघर असते व ती अगदीच निराधार नाही, म्हणूनच आधी रक्ताची तपासणी करतात. परंतु जागेपणी वरवर कीटण खरवडून काही साधत नाही. दात पांढरे दिसतात, रोग मात्र हिरडीच्या खाली असतो, आणि तेथे जागे जनावर हत्यार लावू देत नाही. भुलेत श्वासनलिकेत नळी बसवतात, म्हणजे घाण पाणी फुप्फुसात उतरत नाही. मोतीची ती दाढ व आणखी दोन हलणारे दात काढले, उरलेले साफ करून घासून गुळगुळीत केले. संध्याकाळी तो घरी आला.

आता रोज रात्री दंतधावन असते. पहिले आठ दिवस मी केवळ ओठ उचलून बोट फिरवले, मग बोटाला मऊ फडके गुंडाळले, त्यानंतर लहान मुलांचा मऊ ब्रश. दातांची बाहेरील बाजू व हिरडीची कड एवढे घासले तरी पुष्कळ, मिनिटभराचे काम. हिरड्या आधीच दुखऱ्या असतील तर मात्र प्रथम डॉक्टर, मग ब्रश. आपली पेस्ट वापरू नये. कुत्र्याला चूळ भरता येत नाही, तो सारे गिळतो. काही पेस्टमध्ये झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ असतो, त्याने कुत्र्याच्या रक्तातील साखर एकाएकी उतरते व प्राणावर बेतते. जनावरांसाठी निराळी पेस्ट मिळते. नुसते ओले फडकेही काहीच नसण्यापेक्षा बरे.

शेजारच्या काकूंच्या मनीची गोष्ट वेगळी. ती मान वाकडी करून एका बाजूने खाई, घास टाकून देई, लाळ गाळी. काकू लवंगेचे तेल लावायला निघाल्या होत्या. मी घाईने अडवले, कारण मांजराचे यकृत ते तेल पचवू शकत नाही. मांजरांत हिरडीच्या कडेपासून दात आतून विरघळत जाण्याचा एक विकार बराच आढळतो. त्याचे कारण शास्त्रज्ञांनाही पुरते उमगलेले नाही. ब्रशने तो टळत नाही. असा दात बहुधा काढावाच लागतो. मनीचे दोन काढले.

मोतीची दाढ काढल्याला चार दिवस झाले असतील. मी शाळेतून आलो, तर दारातील माझी एक चप्पल नाहीशी! मोतीने ती तोंडात धरून अंगणात पेरूच्या झाडाखाली नेऊन ठेवली होती. ही त्याची खोडी वर्षभरापूर्वीच सुटली होती. वय झाले म्हणून सुटली, असे आम्ही सारे समजत होतो.