टेम्पो गेला, ढीग राहिला!

बालमित्रांनो, वार्षिक परीक्षा संपून निकाल लागला की आपल्या आजूबाजूला एक दृश्य हमखास दिसतं. कुणाच्या बाबांची बदली झालेली असते, कुणाच्या भाड्याच्या घराचा अकरा महिन्यांचा करार संपलेला असतो, तर कुणी नव्या फ्लॅटमध्ये राहायला निघालेलं असतं. दारात टेम्पो उभा राहतो. खोकी, गाद्या, सायकल, तुळशीची कुंडी, सगळं त्यात चढतं. शेजारच्या काकू डोळे पुसतात, हात हलतात आणि टेम्पो निघून जातो.

आता जरा कचऱ्याच्या डब्याकडे बघा बरं! फाटकी उशी, तीन पायांची खुर्ची, अर्धी भरलेली लोणच्याची बरणी, जुन्या वह्या, फुटका आरसा, बंद पडलेला रेडिओ, औषधांच्या बाटल्या... सगळं एकाच ढिगात! रात्री कुत्री पोती फाडतात. सकाळपर्यंत लोणच्याचं तेल वह्यांत मुरलेलं असतं आणि आरशाच्या काचा उशीच्या कापसात शिरलेल्या असतात. काल ज्या वह्या रद्दीवाल्यानं आनंदानं नेल्या असत्या, त्या आज कुणालाच नकोत.

आमच्या वर्गात हा विषय निघाला तेव्हा एकानं विचारलं, “बाई, पण सकाळी गाडी येऊन नेईल की सगळं! मग काय बिघडलं?”

प्रश्न बरोबर आहे. गाडी नेईल. पण कुठे नेईल?

‘टाकलं’ म्हणजे ‘संपलं’ नव्हे

मुंबईत देवनार नावाचा भाग आहे. १९२७ सालापासून शहराचा कचरा तिथे टाकला जाऊ लागला आणि साठत साठत त्याचे डोंगर झाले. अन्न, भाजीपाला यांसारखा ओला कचरा असा खोल दाबला गेला की त्याला हवा मिळत नाही. मग तो कुजताना मिथेन नावाचा वायू तयार होतो. हा वायू पेट घेतो. जानेवारी २०१६ च्या अखेरीस देवनारला मोठी आग लागली. तिचा धूर उपग्रहानं काढलेल्या चित्रांतही दिसला, आणि आसपासच्या महापालिकेच्या शाळा काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या. म्हणजे पाहा, कचरा टाकणारे राहिले लांब, आणि शाळा बुडाली तिथल्या मुलांची!

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. तो ढीग आपोआप गाडीत चढत नाही. कुणीतरी तो हातानं उपसतं. त्या उशीतली काच कुणाच्या बोटात जाते? कचरा वेचणाऱ्या मावशींच्या.

या मावशी आपल्यावर केवढे उपकार करतात, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. कचऱ्यातला कागद, काच, पत्रा, प्लॅस्टिक वेगळं काढून त्या भंगारवाल्याकडे पोचवतात आणि तिथून ते कारखान्यात जातं. पुण्यातल्या कचरावेचकांनी १९९३ साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही आपली संघटना उभी केली. पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था निघाली आणि २००८ सालापासून ती पुणे महापालिकेबरोबर घरोघरचा कचरा गोळा करू लागली. या कष्टाच्या कामाला मान मिळायला हवा, आणि त्याची सुरुवात आपल्या घरापासूनच होते.

एक महिना आधी

घाई झाली की सगळं एका पोत्यात जातं. खरी गोम इथेच आहे. म्हणून घर बदलायचं ठरलं की महिनाभर आधी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसा. वहीच्या एका पानावर चार रकाने आखा : नेणार, देणार, विकणार, टाकणार. मग रोज एकच जागा घ्या. आज पुस्तकांचं कपाट, उद्या स्वयंपाकघर, परवा माळा. माळ्यावर चढायचं काम मात्र मोठ्यांचं बरं का! तुम्ही खाली बसून यादी करायची.

आजी म्हणेल, “असू दे गं, कधीतरी उपयोगी पडेल.” आजीला हसू नका. तिनं वस्तू जपून वापरली म्हणून तर ती इतकी वर्षं टिकली. तिला विचारा, “आजी, ही आत्ता कुणाच्या उपयोगी पडेल?” उत्तर बहुतेक वेळा तिच्याकडेच असतं. जुन्या लुगड्यांची गोधडी होते, विटक्या चादरीचं पायपुसणं होतं, आणि बरे कपडे बोहारणीला देऊन भांडं घेता येतं. कापसाची गादी पिंजून नवी करता येते. लहान झालेली सायकल, खेळणी, गोष्टींची पुस्तकं यांना नवा मालक शोधणं तर तुमचंच काम. अभ्यासक्रम बदललेला नसेल, तर पाठ्यपुस्तकं मागच्या वर्गातल्या मित्राला द्या. देताना एक नियम पाळा : जे आपण स्वतः घेतलं असतं, तेच द्यायचं. फाटकं, मोडकं दुसऱ्याच्या गळ्यात मारणं याला दान म्हणत नाहीत.

रद्दीवाला, भंगारवाला

आता विकायच्या वस्तू. रद्दीचा कागद कारखान्यात पाण्यात भिजवून त्याचा लगदा करतात आणि त्यातून पुन्हा कागद बनतो. प्रत्येक वेळी त्याचे तंतू आखूड होत जातात, म्हणून हे कायमचं चालत नाही, पण बऱ्याचदा करता येतं. अट एकच, कागद कोरडा हवा. तेलकट, ओला कागद लगद्यात चालत नाही. म्हणून वह्या, वर्तमानपत्रं, पुठ्ठे वेगवेगळे सुतळीनं बांधा.

काचेची बाटली कितीही वेळा वितळवून नवी करता येते. पण आरसा, बल्ब आणि बाटली यांची काच वेगवेगळ्या जातीची असते, ती एकत्र करू नये. जर्मनच्या पातेल्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, मोडीत दिल्या तर मोठाच फायदा होतो. खनिजापासून नवं अॅल्युमिनियम बनवायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्यातली सुमारे ९५ टक्के ऊर्जा जुनं वितळवल्यानं वाचते! प्लॅस्टिकच्या डब्याच्या तळाशी छोट्या त्रिकोणात १ ते ७ पैकी एक आकडा असतो. प्लॅस्टिक कोणत्या प्रकारचं आहे, ते त्यावरून कळतं. आज घरी नक्की शोधा.

जपून! हे डब्यात नको

२०१६ साली देशात घनकचऱ्याचे नवे नियम आले. घरच्या कचऱ्याचे ओला, सुका आणि घातक असे तीन भाग त्यांत सांगितले होते. घर आवरताना हा तिसरा भाग बराच निघतो. ट्यूबलाइट, पाऱ्याचा थर्मामीटर, संपलेले सेल, मुदत गेलेली औषधं, रंगाचे डबे, झुरळांच्या औषधाच्या बाटल्या, सगळं यातच. ट्यूबमध्ये पारा असतो, म्हणून ती फोडायची नाही. औषधं मोरीत ओतायची नाहीत. या वस्तू वेगळ्या पिशवीत ठेवून, त्या कुठे द्यायच्या हे मोठ्यांनी नगरपालिकेत किंवा महापालिकेत विचारावं.

जुना मोबाइल आणि त्याची बॅटरी तर डब्यात मुळीच नको. गाडीत दाबली गेली की अशी बॅटरी पेट घेऊ शकते. वायरींमधलं तांबं मिळवण्यासाठी काही जण त्या उघड्यावर जाळतात. त्याचा धूर अतिशय विषारी असतो. ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांनुसार, जुन्या उपकरणांवर नीट प्रक्रिया करवून घेण्याची जबाबदारी ती बनवणाऱ्या कंपन्यांवर टाकली आहे. त्यामुळे असा कचरा अधिकृत केंद्रातच द्यावा.

पालकांसाठी दोन शब्द

सोफा, कपाट, फोमची गादी यांसारख्या अवजड वस्तू रोजच्या घंटागाडीत मावत नाहीत. रात्री गुपचूप कोपऱ्यावर ठेवून देणं हा त्यावरचा उपाय नव्हे! आपल्या वॉर्ड ऑफिसात किंवा आरोग्य विभागात आठ-दहा दिवस आधी चौकशी करावी. अशा वस्तू नेण्याची सोय आहे का, तिला पैसे पडतात का, हे तिथे कळतं. फरशा, विटा असा राडारोडा असेल तर तो वेगळा द्यावा, कचऱ्यात मिसळू नये. मोबाइल किंवा संगणक देण्याआधी त्यातली माहिती पुसावी. बँकेचे जुने कागद फाडूनच रद्दीत घालावेत. आणि ढीग मोठा असेल तर नेणाऱ्यांच्या हातावर चार पैसे जास्त ठेवावेत. तो त्यांच्या कष्टाचा मोबदला आहे.

शेवटच्या आठवड्यात किराणा नवा भरू नये, आहे तोच संपवावा. उरलेलं डाळ-तांदूळ, मसाले शेजारी द्यावेत. तळणीचं तेल मोरीत ओतू नये, पाइप तुंबतो आणि नव्या भाडेकरूला त्रास होतो.

तुमचं खास काम

बालमित्रांनो, एक काम मात्र फक्त तुमच्यासाठी राखून ठेवलं आहे. फुटलेली काच मोठी माणसं वर्तमानपत्राच्या जाड घड्यांत गुंडाळून खोक्यात बांधतील. तुम्ही काचेला हात लावायचा नाही. त्या खोक्यावर ठळक अक्षरांत लिहायचं : ‘काच आहे, जपून.’ सगळ्यांनाच वाचता येतं असं नाही, म्हणून शेजारी फुटक्या बाटलीचं चित्रही काढा. घरात तान्हं भावंडं असेल, तर त्याचे वापरलेले डायपर आई कागदात गुंडाळेल. त्या पुडीवर तुम्ही एक मोठा लाल ठिपका काढा. पुण्यातल्या कचरावेचकांनी ‘लाल ठिपका’ अशी मोहीमच चालवली होती. ठिपका दिसला की पुडी न उघडता बाजूला ठेवता येते.

मग टेम्पो येण्याच्या आदल्या दिवशी, मावशी आल्या की खाली जा. “मावशी, हा कागद, हा पत्रा, आणि या खोक्यात काच आहे हं,” असं त्यांना सांगा. जमलं तर त्यांचं नावही विचारून घ्या. आणि नव्या घरी पोचलात की शाळेच्या रस्त्याबरोबर आणखी एक गोष्ट विचारा : इथली घंटागाडी किती वाजता येते?