तीन वर्षे उलटली म्हणून कर्ज फिटत नाही

थकीत कर्ज तीन वर्षांनी आपोआप बुडते, असे गावोगावी सांगितले जाते. हे अर्धेच खरे आहे. मुदतीच्या कायद्यानुसार (१९६३) वचनचिठ्ठीवर किंवा हातउसने दिलेल्या पैशासाठी सावकाराला वा बँकेला साधारण ३ वर्षांत दावा लावावा लागतो. जमीन गहाण असेल तर गहाणावरील वसुलीची मुदत १२ वर्षे. ती संपली की दावा चालत नाही; देणे मात्र राहतेच.

घोटाळा सहीत होतो. मुदत चालू असताना 'बाकी मान्य आहे' अशा कागदावर सही केली, की त्या दिवसापासून मुदत नव्याने सुरू. मुदत संपल्यावर नुसत्या कबुलीने ती जिवंत होत नाही, पण 'रक्कम देईन' असे लेखी वचन सहीनिशी दिले तर करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे दावा होऊ शकतो. म्हणून कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही नको. दुष्काळात पुनर्गठनाने हप्ते लांबत असतील, तर मात्र सही करणे बहुधा फायद्याचेच.

विकास सोसायटीच्या पीक कर्जाला हा तीन वर्षांचा हिशेब लावू नका. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९२ नुसार सभासदाकडील येण्याच्या वादाची मुदत त्याचा मृत्यू झाल्यावर किंवा सभासदत्व संपल्यावरच मोजायला लागते. शिवाय कलम १०१ खाली वसुली दाखला निघतो, तो वेगळाच.

न्यायालयाची नोटीस आली तर घरी बसू नये. कर्जाची, शेवटच्या हप्त्याची आणि शेवटच्या सहीची तारीख घेऊन वकिलाकडे किंवा तालुका विधी सेवा समितीकडे जावे.