पाळणा हलविणारे हात

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. मूल पुढे काय होणार हे जन्मतःच ठरलेले असते, आपण फक्त त्याच्या खुणा ओळखायच्या, असा तिचा रूढ अर्थ. परंतु गेल्या काही दशकांतील संशोधन ध्यानात घेतले, तर या म्हणीला एक पुरवणी जोडावी लागते. पाळण्यात दिसणाऱ्या या पायांची पुढची वाटचाल पाळणा हलविणाऱ्या हातांवरही पुष्कळशी अवलंबून असते.

या हातांच्या कामाला अर्थशास्त्रज्ञ ‘गुंतवणूक’ म्हणतात. वात्सल्याला बाजारातला शब्द लावलेला पाहून कोणी दचकू नये. आज जे खर्चावयाचे आणि ज्याचे फळ उद्या मिळावयाचे, ते गुंतवणूक, एवढाच येथे अर्थ आहे. आईबापांजवळ खर्चावयाला दोन गोष्टी असतात : पैसा आणि वेळ. पैशाचा हिशेब आपण ठेवतो. वेळाचा ठेवीत नाही. मुलाशी बोलणे, त्याच्या प्रश्नाला उत्तर देणे, हाती आलेल्या वस्तूचे नाव सांगणे, यांची नोंद कोणत्याच वहीत होत नाही. बाल्याच्या पहिल्या वर्षांत मात्र हीच गुंतवणूक फार मोलाची ठरते.

असे का व्हावे? फ्लाव्हिओ कुन्हा आणि जेम्स हेकमन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००७ साली याची एक सुबोध उपपत्ती मांडली. तिचे सार दोन वाक्यांत सांगता येईल. एक कौशल्य दुसऱ्या कौशल्याला जन्म देते. आणि आधी मिळविलेले कौशल्य पुढच्या शिक्षणाची किंमत वाढविते. दोन वर्षांच्या मुलाजवळ शब्द असले, तर चौथ्या वर्षी त्याला गोष्ट समजते; गोष्ट समजली की ऐकण्यात चित्त रमते; आणि चित्त रमणाऱ्या मुलाला वाचन शिकविणे शिक्षकाला सोपे जाते. शेतकऱ्याला हे वेगळे सांगावयास नको. वाफसा साधून केलेल्या पेरणीला पुढचे खतपाणी चांगले लागू पडते. हंगाम चुकला म्हणजे पीक येतच नाही असे नाही; पण त्यासाठी कष्ट अधिक पडतात.

ही केवळ कल्पना आहे काय? वेस्ट इंडीजमधील जमेका बेटावर याची कसोटी पाहण्यात आली. १९८६-८७ साली किंग्स्टन शहरातील गरीब वस्त्यांमधून, कुपोषणामुळे उंची खुंटलेली १२९ मुले निवडण्यात आली. त्यांचे वय ९ ते २४ महिने होते. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे त्यांचे चार गट पाडले. एका गटाला दर आठवड्यास एक किलो दुधाचा पूरक आहार मिळे. दुसऱ्या गटाच्या घरी आठवड्यातून एकदा आरोग्यसेविका येऊन तासभर बसे आणि मुलाशी कसे खेळावे, कसे बोलावे, हे आईला प्रत्यक्ष दाखवी. तिसऱ्या गटाला आहार आणि खेळ दोन्ही मिळाले. चौथ्याला दोन्ही नाहीत. खेळणी दुकानातली नव्हती, टाकाऊ वस्तूंपासून घरीच केलेली होती. हा क्रम दोन वर्षे चालला.

दोन वर्षांच्या अखेरीस आहार व खेळ या दोहोंचाही लाभ दिसून आला आणि दोन्ही मिळालेली मुले सर्वांत पुढे गेली. परंतु खरा बोध पुढेच झाला. काही वर्षांनी आहाराचा बौद्धिक लाभ ओसरला. खेळ व संभाषण यांचा टिकला. ही मुले बावीस वर्षांची झाली तेव्हा, ज्यांच्या घरी सेविका जात असे त्यांची कमाई इतरांहून सुमारे २५ टक्के अधिक आढळली. एकतिसाव्या वर्षी ताशी वेतनातील अंतर ४३ टक्क्यांवर गेले होते. १२९ ही संख्या लहान आहे, म्हणून हे आकडे जसेच्या तसे सर्वत्र लागू करू नयेत. तसेच अन्न नको, असाही याचा अर्थ नव्हे. भुकेले मूल खेळणार कसे? तात्पर्य एवढेच की, पोट भरले म्हणजे संगोपनाचे काम संपले, असे होत नाही.

महाराष्ट्राला ही दृष्टी परकी नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले आणि अनुताई वाघ यांनी त्यांना आयुष्यभर साथ दिली. गरीब पाड्यांवरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. महागड्या साधनांऐवजी परिसरात सहज मिळणाऱ्या वस्तू त्यांनी हाती घेतल्या. १९७५ साली देशभर एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हेच नाव मिळाले.

या विवेचनातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली सुस्थित पालकांसाठी. महागडी शाळा आणि तिच्या जोडीला शिकवणी यांची फी भरली की आपले कर्तव्य झाले, असे मानणे ही फसगत आहे. जमेकातील त्या मातांनी फी भरलीच नव्हती. त्यांनी वेळ दिला होता.

दुसरी गोष्ट आपणा सर्वांसाठी, आणि ती अधिक कठीण आहे. सूर्योदयापूर्वी कामाला जाऊन दिवेलागणीला परतणाऱ्या मजूर स्त्रीला ‘मुलाशी खेळा’ असा उपदेश करणे सोपे असते. पण तिच्याजवळ माया आहे. नाही तो वेळ, आणि कित्येकदा कसे खेळावे हे दाखविणारे माणूस. जमेकातील मुलांच्या घरी कोणी तरी चालत गेले, म्हणून ते अंतर भरून निघाले. कोणत्या घरी जन्मावे हे मुलाच्या हाती नसते; त्या घरापर्यंत कोणी पोहोचावे की नाही, हे मात्र समाजाच्या हाती असते. म्हणूनच अंगणवाडीच्या ताईचे काम खिचडी वाढण्यापुरते समजू नये. तिला मुलांशी व मातांशी निवांत बोलण्यास अवकाश आणि तिच्या कामाला योग्य मोल मिळते की नाही, हे पाहणे ही आपली सर्वांची गुंतवणूक होय.