विश्वास पुरेल का? कृपा आणि विश्वास, सोप्या शब्दांत

कांजूरमार्ग पूर्वेच्या आमच्या स्वयंपाकघरातच रेकॉर्डिंग करतेय. मध्येच लोकलचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

आजचा विषय शेजारच्या मावशींमुळे सुचला. गेल्या वर्षी त्यांचे यजमान आजारपणात गेले. तेव्हा प्रार्थनेला आलेलं कुणीतरी बोलून गेलं, "तुमचा विश्वास कमी पडला." तेव्हापासून मावशी मला एकच विचारतात, "अगं, मग माझं तारण तरी होईल का? तेवढा विश्वास पुरेल का?"

आधी शब्द बघू. तारण म्हणजे पापातून सुटका, देवाशी तुटलेलं नातं पुन्हा जुळणं. कृपा म्हणजे आपली लायकी न बघता देवानं दिलेलं दान. आणि विश्वास म्हणजे ते दान घेणं, देणाऱ्यावर भार टाकणं. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल सांगतो की तारण होतं कृपेनं, विश्वासाच्या द्वारे. ती आपली कमाई नव्हे. "कृपेनं" आणि "द्वारे" यांतला फरक बघा. करणारी कृपा, विश्वास ही नुसती वाट.

आपल्या स्टेशनावरचंच घ्या. गाडी हललीय, एक पाय आत, एक बाहेर. आतली बाई हात पुढे करते आणि तुम्हाला ओढून घेते. (असं चढू नका हं!) तिचा हात तुम्ही धरला, धरावा लागतोच. पण ऑफिसात जाऊन "माझ्या पकडीमुळे वाचले" असं सांगता का? ओढलं तिनं. तुमची पकड थरथरत होती, तरी वाचलात.

हे समजायला पंडिता रमाबाईंनाही वेळ लागला. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं. शास्त्रं कोळून प्यायलेली, कष्टाळू बाई. पण १९०७ च्या आपल्या साक्षीत त्या कबूल करतात की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी त्यांच्या ध्यानात आलं: ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. धर्म पटणं वेगळं आणि स्वतःला त्याच्या हाती सोपवणं वेगळं.

मग कोणी म्हणेल, सगळं कृपेनंच होणार तर चांगली कामं कशाला करायची? रमाबाईंकडेच बघा. हे उमगल्यावर त्या स्वस्थ बसल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली-बायका त्यांनी आणल्या, केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. याकोबाचं पत्रही तेच बजावतं, कामाशिवाय विश्वास निर्जीव. पण ही कामं म्हणजे तारणाचं भाडं नव्हे. तारण झालेल्या माणसाच्या हातून ती होतात. याच मुद्द्यावरून सोळाव्या शतकात युरोपातलं चर्च दुभंगलं. शेवटी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीत आउग्सबुर्गला कॅथलिक आणि लूथरन मंडळींनी एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या: देव आपल्याला स्वीकारतो तो निव्वळ कृपेनं, आपल्या पुण्याईमुळे नाही. मतभेद अजून आहेत, पण एवढं दोघांनाही मान्य आहे.

आता पुन्हा मावशींकडे येते. विश्वासाचीच कमाई केली, किलोवर मोजायला लागलो, की कृपा उरतच नाही. मग माणूस देवाकडे बघायचं सोडून स्वतःची पकडच तपासत बसतो. आणि दुखणं बरं न होणं हा विश्वास कमी असल्याचा पुरावा नाही. पौलानं आपल्या शरीरातला काटा काढ म्हणून प्रभूला तीनदा विनवलं. काटा निघाल्याचं कुठे लिहिलेलं नाही. पौलाचा विश्वास कमी होता असं म्हणायची कुणाची छाती आहे?

त्याला उत्तर मिळालं ते एवढंच, की कृपा पुरेशी आहे. विश्वास पुरेसा आहे का, हे त्याला कुणी विचारलंच नाही.

परवा मावशींना हे सांगितलं. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "यांना जाऊन वर्ष झालं. आज पहिल्यांदा वाटतंय, चूक माझी नव्हती."

भेटू पुढच्या भागात.