लोकलचा मालडबा कसाऱ्याला रिकामा परततो तेव्हा

मुंबईची लोकल म्हटली की आपल्या डोळ्यांपुढं दाराला लोंबकळणारी माणसं येतात. सिनेमात तेच दाखवतात, अन् ते खोटंही नाही. पण त्याच लोकलमध्ये एक वेगळा डबा असतो, त्याबद्दल आपल्याकडं कोणी बोलत नाही. त्याला मालडबा म्हणतात. राजूरला चुनाभट्ट्यांच्या पलीकडं ज्याचं अर्ध्या एकराचं भाजीचं वावर आहे, त्याचा मुंबईच्या मालडब्याशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. संबंध आहे, अन् तो पैशाचा आहे.

लोकल मुंबईपुरतीच धावते असा आपला समज असतो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, म्हणजे जुन्या व्ही.टी.वरून सुटलेली लोकल थेट कसाऱ्यापर्यंत जाते. अंतर सुमारे १२१ किलोमीटर. वणीहून यवतमाळला जावं साधारण तेवढा पल्ला. कल्याणला रूळ फुटतात. एक फाटा शहापूर तालुक्यातून कसाऱ्याला, दुसरा बदलापूर, नेरळ करत कर्जत-खोपोलीला. पश्चिमेकडची लोकल २०१३ मध्ये विरारच्या पुढं डहाणूपर्यंत वाढली, ती थेट चिकूच्या वाड्यांच्या दारात. नंदीग्राम एक्सप्रेसनं वणीहून मुंबईला गेलेल्या मंडळींनी खिडकीतून कसारा पाहिलं असेल. इगतपुरीहून थळ घाट उतरला की पायथ्याशी लागतं ते. घाटाची चढण ३७ फुटांना एक फूट, म्हणून वर जाणाऱ्या गाड्यांना जादा इंजिनं जोडावी लागतात. लोकलचा दम इथंच संपतो.

मागच्या पावसाळ्यात कामानिमित्त मुंबईला जाणं झालं. परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून दुपारच्या कसारा लोकलमध्ये बसून पार टोकापर्यंत गेलो. त्या वेळेला गर्दी मुंबईकडं येणारी नसते अन् जाणारीही नसते. बसायला जागा मिळते. मालडब्यात मात्र मला चढता आलं नाही. बिनमालाचा माणूस त्यात सापडला तर दंड होतो, म्हणून शेजारच्या डब्यात बसलो अन् प्रत्येक मोठ्या स्टेशनावर डोकं बाहेर काढून पाहत गेलो.

त्या दुपारच्या डब्यात काय होतं? रिकाम्या पाट्या. टोपल्याला तिकडं पाटी म्हणतात. एकात एक घातलेल्या, वर ओलं गोणपाट, त्यावर पाय ठेवून बसलेल्या बाया. कोणी डुलक्या घेत होती, कोणी पदराच्या गाठीतले पैसे मोजत होती. पहाटे भरलेल्या पाट्या घेऊन निघालेली ही माणसं दुपारी मोकळ्या हातानं गावाला परतत होती. मला विचाराल तर शेतीमालाच्या बाजाराचं याहून चांगलं चित्र मी पाहिलेलं नाही. आपल्याकडं वणीच्या बाजारातून परतणाऱ्या बंडीत उरलेला माल किती वेळा असतो, ते तुम्हीच आठवा.

गाडी थांबते अर्धा मिनिट

हे जमतं कसं, ते बारकाईनं पाहण्यासारखं आहे. लोकल स्टेशनावर अर्धा मिनिटही धड थांबत नाही. तेवढ्यात चढायचं अन् मालही चढवायचा. म्हणून तिथं पोत्याचा हिशोब चालत नाही. एका माणसाला एका दमात उचलता येईल तेवढीच पाटी भरायची. मालडब्याचं दार रुंद, बाकडी फक्त भिंतीकडंला, मधली जागा मोकळी. उतरायचं स्टेशन यायच्या आधीच पाट्या दाराशी आणून ठेवायच्या, खाली कोणी ओळखीचं उभं असेल तर त्याच्या हातात द्यायच्या. रोज ये-जा करणाऱ्या विक्रेत्यांना महिन्याचा पास मिळतो, त्यामुळं एकेका खेपेचा खर्च फार पडत नाही.

आता यातला मुद्दा लक्षात घ्या. ज्याच्याकडं ट्रकभर माल आहे त्याला बाजार कुठंही सापडतो. अडचण असते ती वीस-पंचवीस किलोवाल्याची. त्याला गाडीभाडं परवडत नाही, म्हणून तो माल गावातच मिळेल त्या भावानं देऊन मोकळा होतो. लोकलनं त्या वीस किलोवाल्याला बाजारापर्यंत नेलं. अन् ही गाडी काही फार जोरात धावत नाही, कसारा गाठायला अडीच तासांच्या आसपास लागतातच. पण आज गेली तशी ती उद्याही जाते, ठरल्या वेळेला जाते. उद्याची गाडी नक्की असली की माणूस आज अर्धंच तोडतो, बाकीचं वेलावर ठेवतो.

पाट्यांमध्ये जातं काय? भेंडी, काकडी, पालेभाजी, मोगऱ्याची फुलं. फुलं दादरच्या फुलबाजारात. मे महिन्यात करवंदं, जांभळं. अन् पावसाळ्यात रानभाज्या. पहिल्या पावसाबरोबर शेवळं येतात. ती खाजरी असतात, म्हणून विकणारी बाई काकडाची फळंही सोबत देते. मग टाकळा, कुरडू, कर्टोली. आता हसू नका, पण टाकळा म्हणजे आपला तरोटा अन् कर्टोली म्हणजे आपलं काटवल! ठाकर, कातकरी, महादेव कोळी समाजाच्या बाया रानातून गोळा करतात अन् कल्याण, ठाणे, दादरला शहरातली माणसं ते मागून घेतात. आपल्या राजूरच्या शिवारात तरोटा धुऱ्यावर वाढून वाळून जातो. सांभाराला तिकडं कोथिंबीर म्हणतात, एवढं सांगून हा भाषेचा विषय सोडतो.

सगळंच गोड नाही

ती गाडी पाहून कोणी हुरळून जाऊ नये. कल्याणच्या पुढं गाड्या विरळ होत जातात. कसाऱ्याकडं दोनच रूळ, त्यावरूनच मेल-एक्सप्रेस अन् मालगाड्या. तिसऱ्या मार्गाचं काम चालू आहे, तोवर लोकल बाजूला उभी राहते अन् पाल्याची मेथी सुकते. गर्दीचं तर विचारू नका. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन गच्च लोकल एकमेकींजवळून जाताना दारातली माणसं रुळावर पडून दगावली. त्यातली एक गाडी कसाऱ्याची होती, दुसरी कर्जतची.

विकायच्या जागेचीही मारामार आहे. २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसं गेली. त्यानंतर स्टेशनपासून १५० मीटरच्या आत बसायला फेरीवाल्यांना मनाई झाली. गर्दीच्या दृष्टीनं ते बरोबरच. पण पाटी डोक्यावर घेऊन उतरणारी बाई अन् पक्का धंदेवाला यांच्यात कायदा फरक करत नाही. २०२५ मध्ये एका लोकलमधला मालडबा बदलून म्हाताऱ्या माणसांसाठी डबा केला. म्हाताऱ्यांना जागा मिळालीच पाहिजे, त्याला कोण नाही म्हणेल? तरी मालडबा हा जास्तीचा डबा आहे असं जो समजतो, त्यानं पहाटे कसाऱ्याला एकदा उभं राहून पाहावं.

अन् पाण्याचं ऐका. मुंबईला पाणी देणारे तानसा, भातसा, मोडक सागर हे तलाव याच शहापूर तालुक्याच्या अंगाखांद्यावर. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. पाणी खाली शहराकडं जातं, म्हणून भात निघाल्यावर दुसरं पीक घेणं सगळ्यांना जमत नाही. वर वासिंद, आसनगाव, वांगणीकडं लोकलच्या सोयीमुळंच शेतात प्लॉट पडले, इमारती उभ्या राहिल्या. ज्या गाडीनं भाजी शहरात नेली तिनंच शहर वावरात आणून सोडलं. कोळसा आपला अन् धूळही आपली, हे राजूरच्या माणसाला वेगळं समजावून सांगायला नको.

मग आपण काय करावं?

आपल्याकडं लोकल येणार नाही. राजूरला रूळ आहेत, पण त्यावरून कोळसा जातो, सांभार जात नाही. यवतमाळ-मूर्तिजापूरची शकुंतला कापसासाठी टाकलेली होती, तरी तिच्यात गावची माणसं गाठोडी घेऊन बसत. तीही बंद पडली. तरी बाजार मात्र आपल्या दाराशी आहे. खाणीच्या वसाहतींमध्ये महिन्याच्या महिन्याला पगार होतो, भाजी रोज लागते. पऱ्हाटी अन् सोयाबीनचा पैसा वर्षातून एकदा येतो, तोही अर्धा कृषी केंद्राच्या उधारीत जातो. भाजीचा पैसा रोजचा असतो.

तेव्हा आठ-दहा भाजीवाल्यांनी मिळून एक मालवाहू ऑटो महिन्याच्या बोलीवर ठरवा. वेळ पक्की ठेवा, पहाटे पाच म्हणजे पाच. एखाद्याचं डालं अर्धंच भरलं तरी ऑटो थांबता कामा नये अन् चुकताही कामा नये. मेथी-सांभार एकदम पेरू नका, दर आठ दिवसांनी दोन-दोन वाफे टाका, म्हणजे तोडा मोडणार नाही. पालेभाजी संध्याकाळी उन्हं उतरल्यावर काढा, पाणी झटकून जुड्या बांधा, वरून ओलं गोणपाट टाका. पाण्यात बुडवून भरलेली जुडी सकाळपर्यंत काळी पडते. २०१६ पासून फळं-भाजीपाला बाजार समितीतच विकला पाहिजे असं बंधन राहिलेलं नाही, तेव्हा थेट वसाहतीत विकायला कायद्याची आडकाठी नाही. बसायची जागा तेवढी ग्रामपंचायतीकडून नीट ठरवून घ्या. सरपंच अन् ग्रामसेवक मंडळींनी यात पुढाकार घ्यावा, एक पत्र्याची शेड अन् पाण्याचा नळ एवढंच लागतं.

आणखी एक. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेचा वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला, पुढचं काम चालू आहे. गाड्यांच्या वेळा एकदा बसल्या की बदलायला वर्षं जातात. त्या मार्गावरच्या गावांनी, अन् वणी स्टेशनावर विसंबून असलेल्या आपणही, ग्रामसभेत आताच ठराव घ्यावा. ठरावात मोघम ‘रेल्वेची सोय व्हावी’ असं लिहू नका. सकाळी सहाच्या आत शहरात पोचणारी पॅसेंजर, तिला रुंद दाराचा एक मालडबा, विक्रेत्यांसाठी महिन्याचा पास, अन् दुपारी परतीची गाडी, एवढं स्पष्ट लिहा. ठरावाची एक प्रत रेल्वेच्या विभागीय व्यवस्थापकाला, एक खासदारांना द्या, अन् पोच घ्यायला विसरू नका.