टाचेवरचा काटा

इनामगावच्या एका वाचकाने फोटो पाठवलाय. घोड नदीकाठच्या बाभळीवर सापडलेलं घोयऱ्याचं बोटभर पिल्लू घरात खोक्यात ठेवलं आहे. (इंग्रजीतला शॅमेलिऑन तो हाच, कुणी याला सरडगुहिराही म्हणतं.) सोबत दोन प्रश्न: हे नर की मादी, आणि मूळचं कुठलं?

इनामगावातून हे प्रश्न यावेत याचा मला फार आनंद झाला. हेच दोन प्रश्न तिथे आधीही विचारले गेलेत, माणसाच्या लेकरांबद्दल. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, अन्सारी, ढवळीकर यांनी तिथलं पांढरीचं टेकाड खणून तीन हजार वर्षांहून जुनं गाव उजेडात आणलं. घरांच्या जमिनीखाली दोन-दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी पुरलेली, आणि आत तान्ही मुलं. इनामगाव म्हटलं की लोकांना गावप्रमुखाचं घर आठवतं, पाय तोडून पुरलेली मोठी माणसं आठवतात. सुभाष वाळिंबे आणि जॉन लुकाच यांनी या चिमुकल्या हाडांवर आणि दुधाच्या दातांवर किती चिकाटीने काम केलं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. दातांवरून वय कळतं. मुलगा की मुलगी हे हाडांवरून खात्रीने सांगता येत नाही, कारण कंबरेच्या हाडातला ठळक फरक वयात येताना पडतो. आता दाताच्या चकाकत्या आवरणातलं (इनॅमलमधलं) एक प्रथिन ते सांगू शकतं. त्याचा जनुक एक्स आणि वाय या दोन्ही गुणसूत्रांवर असतो, पण किंचित वेगळा. त्याच आवरणातलं स्ट्रॉन्शियम बालपणीच्या मुलखाच्या खडकाची साक्ष देतं. दख्खनच्या काळ्या पाषाणावर वाढलेल्याची खूण एक, ग्रॅनाइटच्या मुलखातल्याची दुसरी.

घोयऱ्याच्या बाबतीत दात काढायची वेळ येत नाही. नराच्या मागच्या पायाला, टाचेशी, एक छोटा काटा असतो. मेरेम या जर्मन अभ्यासकाने १८२० मध्ये याला ‘कॅल्कॅरेटस’, म्हणजे टाचेला काटा असलेला, असं नाव दिलं होतं. पण लॉरेंटीने १७६८ मध्येच ‘झेलॅनिकस’, लंकेचा, असं नाव ठेवलेलं असल्याने तेच टिकलं. एका नावात नराची खूण, दुसऱ्यात मुलखाची. आणि टिकली ती दिशाभूल करणारी! भारतात रानात आढळणारा शॅमेलिऑन हा एवढाच, आणि तो पाकिस्तानापासून श्रीलंकेपर्यंत पसरलेला आहे.

पण टाचेवरचा काटा पिल्लालाही असतो का? येमेनच्या शॅमेलिऑनमध्ये तरी नरपिल्लू तो घेऊनच अंड्यातून बाहेर येतं. तिथे नर-मादी गुणसूत्रांवर ठरतात. २०१८ मध्ये त्यांच्यात आपल्यासारखीच एक्स-वाय पद्धत सापडली. आपल्या बागेतल्या साध्या सरड्याची गोष्ट निराळी. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात सैदापूर आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत अंडी उबवण्याचं तापमान बदललं तसं पिल्लांतलं नर-मादीचं प्रमाण बदललं. इतक्या जवळ झालेलं हे काम आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हवं.

राहिला मूळ मुलखाचा प्रश्न. मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनचा रंग पाहून विक्रेते त्याचं गाव सांगतात. जिनिव्हाच्या मिलिंकोविच यांच्या गटाने २०१५ मध्ये ३२४ प्राण्यांचे फोटो आणि रक्ताचे नमुने ताडून पाहिले. रंगावरून वंशाची शाखा खरंच ओळखता येते, पण ती पूर्ण वाढलेल्या नराची. माद्या आणि पिल्लं बहुतेक तपकिरी-फिक्कटच. त्यामुळे दुकानदार पिल्लाचं गाव छातीठोकपणे सांगू लागला, तर आई-बापांची नोंद मागावी.

तुमच्या पिल्लाचं गाव तर तुम्हीच लिहिलंय: ती बाभळ. घोयरा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. त्याला पाळता येत नाही, आणि खोक्यात त्याचे हालच होतात. हातात धरून टाच तपासू नका. फोटोत ती अंगाखाली दबली आहे. सकाळी, ऊन चढायच्या आत, त्याच बाभळीवर त्याला सोडा. फांदीवर डुलत डुलत तो मागचा पाय पुढे टाकेल, तेव्हा टाच दिसेल. काटा आहे का, ते तेव्हा बघून कळवा.