गडावरचा मुक्काम आणि रात्रीची पोटदुखी

पावसाळा ओसरला, वाटा सुकल्या की उंब्रज-कराड परिसरातल्या डोंगरांवर शनिवारची रात्र जागी होते. उंब्रज सोडून कराडकडे निघाले की तासवडे टोलनाक्याच्या आसपास महामार्गाच्या उजव्या हाताला दिसतो तो वसंतगड. पायथ्याला सरसेनापती हंबीरराव मोहिते यांचे तळबीड. तिथून तासाभराची चढण, वर चंद्रसेनाचे मंदिर आणि दोन तळी, एकाचे नाव कृष्णा, दुसऱ्याचे कोयना. दिवसा चढून उतरणाऱ्यांसाठी हा सोपा गड. पण संध्याकाळी तंबू किंवा नुसतीच सतरंजी घेऊन चढायचे, वर पिठलं-भात करायचा आणि सूर्योदय पाहून खाली यायचे, ही हौस वेगळी. तिची तयारीही वेगळी लागते.

चढणीच्या फायद्याबद्दल फारसे सांगायला नको. सपाट रस्त्यावर चार किलोमीटर चालून हृदयाला जेवढे काम पडत नाही तेवढे तासाभराची चढण देते. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, एवढा दम लागला तर वेग बरोबर आहे. छातीवर दाब आला, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, तर मात्र बसून घ्यावे आणि ‘आता थोडंच राहिलंय’ म्हणणाऱ्या मित्राचे ऐकू नये. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच आकुंचन पावतात. म्हणून पाय त्याच दिवशी नाही, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भरून येतात. त्यात काळजीचे काही नाही.

थंडीबद्दल मात्र एक गैरसमज आहे. डोंगरावर नेहमीच जास्त गारठा, असे आपण धरून चालतो. हिवाळ्यातल्या निरभ्र, वारा पडलेल्या रात्री गार हवा जड होऊन उतारावरून खाली ओघळते आणि कृष्णेच्या खोऱ्यात साचते. पहाटे उसाच्या फडांवर धुक्याची चादर असते आणि माथ्यावर तुलनेने ऊब. वारा सुटला की सगळा हिशेब उलटतो आणि घामाने ओला झालेला सदरा अंगावर असेल तर हुडहुडी भरते. कोरडा सदरा पिशवीत हवा. आणि कितीही थंडी वाजली तरी बंद तंबूत शेगडी किंवा निखारे ठेवू नयेत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो उठवत नाही.

पण डोंगरावरच्या रात्रीचा खरा प्रश्न जमिनीवरच्या अंथरुणाचा आहे. त्याचे नाव मण्यार.

नाग, घोणस, फुरसे आणि मण्यार हे आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप. पहिले तीन चावले की माणसाला बहुधा कळते. दुखते, सूज येते. मण्यार रात्री फिरतो. अंथरुणात किंवा त्याच्याजवळ आलेला हा साप झोपलेल्याचा हात, पाय किंवा कूस लागली की चावतो. दंश इतका बारीक की अनेकदा जागच येत नाही. सूज नाही, रक्त नाही, काही वेळा खूणही सापडत नाही. मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे माणूस उठतो तो पोटात कळ येऊन. उलटी होते, घसा दुखतो. गडावर अशा वेळी संशय पहिल्यांदा जातो तो रात्रीच्या जेवणावर, नाहीतर तळ्याच्या पाण्यावर. ओवा दिला जातो, ‘जरा पडून राहा’ म्हटले जाते. मग पापण्या जड होतात. सोबत्यांना वाटते, झोप आलीय. गिळता येईनासे होते, बोलणे अडखळते आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात.

यामागचे कारण नसांच्या टोकाशी आहे. मण्यारच्या विषातले एक प्रथिन, बीटा-बंगारोटॉक्सिन, नस जिथे स्नायूला भेटते तिथला नसेचा शेवटच निकामी करते. प्रतिविष रक्तातले मोकळे विष पकडते, पण तुटलेली टोके जोडू शकत नाही. ती पुन्हा वाढायला दिवस, कधी आठवडे लागतात. म्हणून प्रतिविष जितक्या लवकर मिळेल तितके चांगले. उशीर झालाच तर रुग्ण जगतो तो कृत्रिम श्वासावर. या काळात तो हलत नाही, डोळे उघडत नाही, बाहुल्या प्रकाशाला दाद देत नाहीत. तरीही तो आतून शुद्धीवर असू शकतो. गेला असे समजून हात सोडू नयेत. श्वास थांबला तर तोंडाने श्वास देत राहावे.

2000 ते 2019 या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. वर्षाला सरासरी 58 हजार. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घातले. यातले बहुतेक बळी शेतकरी आणि मजूर असतात, हौशी गिर्यारोहक नव्हेत. पण जमिनीवर झोपणाऱ्या मजुराचा धोका शहरातला माणूस गडावर एका रात्रीसाठी उसना घेतो, आणि तो घेतोय हे त्याला ठाऊक नसते.

उपाय स्वस्त आहे. शिवलेला तळ आणि चेन असलेला तंबू, आणि ती चेन सूर्यास्तानंतर कायम बंद. देवळाच्या ओसरीत सतरंजी टाकून झोपणे उघड्यावरच्या तंबूपेक्षा सुरक्षित वाटते, पण प्रत्यक्षात उलट आहे. छप्पर सापाला अडवत नाही. ओसरीतच झोपायचे तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली घट्ट खोचाव्यात. नेपाळच्या तराईत झालेल्या पाहणीत मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश कमी झाल्याचे दिसले होते. उरलेला भात तंबूजवळ टाकू नये. उंदीर येतात आणि त्यांच्या मागावर साप. बूट आत घ्यावेत आणि सकाळी झटकून घालावेत, कारण त्यात विंचूही बसतो. लाल विंचवाच्या विषाने हृदय आणि फुप्फुसावर ताण येतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या साध्या गोळीचा उपयोग दाखवून देईपर्यंत कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात या दंशाने मुले दगावत.

दंशाचा नुसता संशय आला तरी पुढचा क्रम ठरलेला असावा. जखम कापायची नाही, चोखायची नाही, दोरीने आवळायची नाही. अंगठी, घड्याळ, कडे काढायचे. साप शोधत बसायचे नाही. बिनविषारी कवड्या साप मण्यारसारखाच दिसतो आणि अंधारात तो ओळखण्यात अर्धा तास जातो. रुग्णाला चालवायचे नाही. दोन काठ्या आणि एका चादरीची झोळी करून खाली आणायचे. म्हणूनच दोघांनीच मुक्कामाला जाऊ नये. झोळीला चार खांदे लागतात.

108 ला फोन लागतो कुठे, हे चढतानाच पाहून ठेवावे, कारण डोंगराच्या एका कडेला रेंज असते आणि दुसऱ्या कडेला नसते. तळबीडमधल्या कुणाला तरी आपण वर असल्याचे सांगून जावे, जागा वनखात्याची असेल तर परवानगीही घ्यावी. गावकऱ्यांना उसातल्या बिबट्याची ताजी खबर असते. आणि पायथ्याला ठेवलेल्या गाडीची किल्ली वर एकाच्याच खिशात नसावी. कराडचे वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय गडाच्या पायथ्यापासून फार लांब नाही. पहाटे तीन वाजता वेळ जातो तो वरून खाली येण्यात.